चिनी सण मोठेपणी फिके का लागतात?

चिनी भाषेत ‘न्येनवेई’ असा एक शब्द आहे. न्येन म्हणजे वर्ष, आणि वर्षाचा मोठा सणही. वेई म्हणजे चव. नववर्षाच्या सणाची चव. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्ष जवळ आलं की दरसाल एकच तक्रार ऐकू येते: न्येनवेई आता पहिल्यासारखी राहिली नाही. तिशीतले हे म्हणतात, पन्नाशीतले म्हणतात, सत्तरीतलेही म्हणतात. प्रत्येकाच्या मते ती चव त्याच्या स्वतःच्या लहानपणापर्यंत शाबूत होती, बिघडली ती नंतर. तिघांची बालपणं तीन वेगळ्या काळांतली. मग तिघंही खरं कसं बोलत असतील?

या तक्रारीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक, तक्रार करणारा मोठा झाला. दुसरी, तेवढ्या वर्षांत चीन बदलला. लोकसंख्येचे अभ्यासक पहिल्याला वयाचा परिणाम म्हणतात आणि दुसऱ्याला काळाचा. सण फिका लागला की बहुतेक जण काळाला दोष देऊन मोकळे होतात. आपलं वय झालं हे कबूल करायला जिवावर येतं.

या दोन गोष्टी सुट्या करायची एक सोपी युक्ती आहे. एकाच घरातली, एकाच वयाची, पण वेगवेगळ्या काळातली मुलं शेजारी शेजारी उभी करायची. समजा, हूनान प्रांताच्या एका खेड्यातलं घर. घर माझ्या कल्पनेतलं, पण त्याच्या भोवतीचं सगळं खरं. बाप जन्मला १९६० च्या सुरुवातीला. मुलगी १९९० च्या उन्हाळ्यात. तिची मुलगी, म्हणजे नात, २०१८ मध्ये. नववर्षाच्या दिवशी बाप सात वर्षांचा होता १९६७ साली, मुलगी १९९८ साली आणि नात २०२६ साली.

आधी कॅलेंडरचं थोडक्यात सांगतो. मराठी वाचकाला ते पटकन कळेल, कारण चिनी महिनाही आपल्यासारखा अमावास्येला संपतो आणि त्यांच्याकडेही अधिक महिना असतो. फरक इतकाच, की ज्या दिवशी अमावास्येचा क्षण येतो तोच दिवस त्यांचा पहिला धरतात. त्यामुळे नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान फिरतं. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीनंतर दोन दिवसांनी आलं. त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे शरद ऋतूचा चंद्रोत्सव. २०२५ मध्ये तो नेमका आपल्या कोजागरीला, ६ ऑक्टोबरला होता. २०२४ मध्ये मात्र १७ सप्टेंबरला, आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका चालू असताना. अधिक महिना कधी धरायचा याचे दोन्हीकडचे हिशेब वेगळे, म्हणून असं होतं.

सात वर्षांची मुलगी, १९९८

मुलीचे आईवडील शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतात, डोंगग्वानच्या कारखान्यात. मुलगी आजीपाशी, गावी. चीनमध्ये १९५८ पासून प्रत्येकाची ‘हूकोऊ’ नावाची नोंद असते: तुम्ही कुठल्या गावचे, खेड्यातले की शहरातले. खेड्याची नोंद असलेल्या मजुराच्या मुलाला शहरातल्या सरकारी शाळेत सहज प्रवेश मिळत नसे. म्हणून आईबाप शहरात आणि मुलं आजी-आजोबांकडे, अशी लक्षावधी घरं झाली. या मुलांना चिनी भाषेत ‘मागे राहिलेली मुलं’ असंच म्हणतात.

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात आजी डुकराच्या मांसाचे लांब पट्टे मीठ लावून चुलीवर टांगायची. धुरानं ते हळूहळू काळपट तांबूस व्हायचे. मग चिकट तांदूळ वाफवून दगडी उखळात दोन गडी आळीपाळीनं कुटायचे आणि त्याचे पांढरे गोळे थापून ठेवायचे. (चिनी नववर्ष म्हणजे जियाओझी, ते अर्धचंद्राकृती उकडलेले कानवले, असं चित्र जगभर दिसतं, पण ते उत्तरेचं. हूनान दक्षिणेत येतं, तिथे भातच राजा.) चोविसाव्या तिथीला चुलीचा देव स्वर्गात जाऊन घरातल्यांची चुगली करतो, म्हणून त्याच्या तोंडाला चिकट गोड पदार्थ लावायचा. मुलांना हा भाग फार आवडतो, देवाला लाच देण्याची अशी उघड सोय दुसरीकडे सहसा मिळत नाही. दारावर लाल कागदावरच्या काव्यपंक्ती चिकटायच्या.

आणि मग, एका संध्याकाळी, आईबाप यायचे. मुलीच्या लेखी सण म्हणजे खरं तर हेच. मांस, फटाके, नवा कोट, मध्यरात्रीपर्यंत जागून टीव्हीवर बघायचा सरकारी वाहिनीचा कार्यक्रम (तो १९८३ पासून दरवर्षी असतो) हे सगळं त्या भेटीच्या भोवती गुंडाळलेलं. पंधराव्या दिवशी कंदील लावून सण संपायचा. बहुतेक वर्षी आईबाप त्याच्या आधीच परत गेलेले असायचे.

जेवणात अख्खा मासा असतोच. ‘मासा’ आणि ‘उरलंसुरलं, शिल्लक’ या दोन शब्दांचा उच्चार चिनीत एकच, ‘यू’. म्हणून मासा पूर्ण संपवायचा नाही, वर्षाअखेरी घरात काहीतरी शिल्लक राहो. सात वर्षांच्या मुलीला यातलं एवढंच दिसतं, की मासा खाऊ देत नाहीत.

तिला जे दिसत नाही त्याला चिनीत ‘न्येनग्वान’ म्हणतात. ग्वान म्हणजे खिंड किंवा चौकी. वर्ष ओलांडताना लागणारी खिंड. जुन्या चीनमध्ये वर्ष संपायच्या आत उधारी चुकवावी लागे. सावकार दारोदार फिरत आणि ऋणको शेवटच्या रात्री तोंड लपवत. नंतर सावकार गेले, पण खिंड राहिली. बांधकामावरच्या मजुरांची वर्षाची मजुरी बहुधा वर्षाअखेरीच हातात पडे, कधी बुडेही. मुलीच्या बापाला घरी येताना शाळेची फी, बी-खताचे पैसे, आजीचं औषध, नातेवाइकांच्या पोरांची पाकिटं आणि परतीचं तिकीट यांची बेरीज करावी लागे. एक म्हणच आहे: मोठ्यांना पेरणीची आस, पोरांना नववर्षाची. म्हणजे मोठ्यांना सण जड जातो ही आजकालची गोष्ट नाही. म्हण जुनी आहे.

पाकिटाचा प्रवास

नववर्षाला मुलांना लाल पाकिटातून पैसे मिळतात. पाकिटाला ‘होंगबाओ’ म्हणतात आणि आतल्या पैशाला ‘यासुइछ्येन’. या शब्दात एक श्लेष आहे. ‘सुइ’ म्हणजे वय, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे दुष्ट शक्ती. त्यामुळे हे पैसे वय दाबून धरतात असंही म्हणता येतं आणि भूत दाबून ठेवतात असंही. रात्री उशाखाली ठेवायचे ते यासाठी. पूर्वी वाढदिवस वेगळा मोजत नसत, जन्मताच मूल एक वर्षाचं आणि दर नववर्षाला सगळ्यांचं वय एकदम एकानं वाढे. म्हणजे आमची ही सात वर्षांची मुलगी गावच्या हिशेबानं नऊ वर्षांची.

सकाळी आई म्हणते, “दे इकडे, मी सांभाळून ठेवते. मोठी झालीस की देईन.” हे वाक्य चीनमधल्या प्रत्येक माणसानं ऐकलेलं असतं आणि ते पैसे परत मिळालेला माणूस दुर्मीळ. कायद्यानं हे पैसे मुलाचे. २०२१ पासून लागू असलेल्या नागरी संहितेत पालकांनी मुलाची मालमत्ता मुलाच्या हितासाठीच वापरावी असं लिहिलेलं आहे आणि अशा पैशांवरून कोर्टात खटलेही झालेत, विशेषतः आईबापांच्या घटस्फोटानंतर.

पण पाकीट दिल्या-घेतल्याच्या चक्रात फिरत असतं. मामानं माझ्या मुलीला दोनशे युआन दिले, तर मामाच्या मुलाला मला तेवढे द्यावे लागतात, जमल्यास थोडे जास्त. चिनीत या देवाणघेवाणीला ‘रनछिंग’ म्हणतात आणि लग्नात कोणी किती दिले याची वही ठेवतात. ज्यांच्या घरी आहेराची वही असते त्यांना मी हे वेगळं समजावून सांगायला नको. मुलाच्या हातात पडतो तो आईबापांच्या डोक्यावरचा परतफेडीचा आकडा. आई पैसे काढून घेते कारण ते तिनं समोरच्या घरी आधीच देऊन टाकलेले असतात. हे कळायला मुलाला वीसेक वर्षं लागतात, स्वतः पाकिटं भरायला बसल्यावर.

घेणारा देणारा कधी होतो, म्हणजे माणूस मोठा कधी होतो? याचं उत्तर चीनमध्ये एक नाही. बऱ्याच भागांत कमवायला लागलं की पाकीट मिळणं थांबतं आणि देणं सुरू होतं. ग्वांगडोंगमध्ये रेषा वेगळी आहे: लग्न. तिथे लग्न झालेल्यांनी लग्न न झालेल्यांना द्यायचं, मग तो न झालेला चाळिशीचा का असेना. सुट्टी संपून कामावर परतल्यावर कारखान्यातला साहेबही कामगारांना पाकिटं वाटतो. रक्कम मात्र पाच-दहा-वीस युआन, शुभशकुनापुरती. ग्वांगडोंगच्या लहान पाकिटांवर बाकीचा चीन विनोद करतो आणि मनातून हेवाही करतो. (ग्वांगडोंगमधून लोक जगभर गेले, म्हणून परदेशातल्या जुन्या चिनी वस्त्यांत याच प्रांताचे रिवाज जास्त दिसतात. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवरचं सी यप कून मंदिर याच प्रांतातून आलेल्यांनी १९१९ मध्ये उभारलं.)

आपली मुलगी २०१४ मध्ये चोवीस वर्षांची झाली. चिनी राशी बारा वर्षांनी फिरून येतात. १९९० घोड्याचं वर्ष होतं, तसंच २००२, २०१४ आणि २०२६. स्वतःच्या राशीचं वर्ष अवघड मानतात, म्हणून त्या वर्षी लाल मोजे, लाल पट्टा, लाल अंतर्वस्त्रं घालायची. बाराव्या वर्षी हे सगळं आईनं आणून घातलं होतं. चोविसाव्या वर्षी ती शेनझेनमध्ये नोकरी करत होती आणि त्याच जानेवारीत वीचॅट या गप्पांच्या ॲपनं मोबाइलवरून होंगबाओ पाठवायची सोय काढली. गटात एक रक्कम टाकायची, ज्यानं आधी बोट लावलं त्याला वाटा, आणि प्रत्येकाचा वाटा यंत्र नशिबानं ठरवतं. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, ते टीव्हीच्या त्या कार्यक्रमाला जोडलं गेलं आणि देशभर लोक फोन हलवत बसले.

यानं एक गोष्ट नकळत झाली. पाकीट वरून खाली, थोराकडून लहानाकडे जायचं. आता ते आडवंही फिरू लागलं, मित्रामित्रांत, कचेरीत. मोठ्यांना पुन्हा घ्यायला मिळालं. रक्कम कधी दीड युआन, कधी ऐंशी पैसे, पण मिळाल्याचा आनंद खरा. मला हा बदल मनापासून आवडतो. सणाचं यंत्रयुगात वाटोळं झालं म्हणणाऱ्यांनी याचाही हिशेब धरावा.

घरी जाण्याची किंमत

नववर्षाच्या आधीचे पंधरा आणि नंतरचे पंचवीस, असे चाळीस दिवस चीनमध्ये ‘छुन्युन’ चालतं, म्हणजे वसंतोत्सवाची वाहतूक. खेड्यांतून कामासाठी बाहेर पडलेले मजूर सुमारे तीस कोटी. त्यात विद्यार्थी आणि नोकरदार मिळवा. आता स्वतःच्या गाडीनं जाणारेही मोजतात आणि या चाळीस दिवसांतल्या फेऱ्या नऊ अब्जांच्या घरात जातात.

मुलगी सात वर्षांची असताना आईबाप येत ती गाडी हिरव्या डब्यांची. खिडकीतून आत शिरायचं, रात्रभर उभं राहायचं. २००८ साली ती सतरा वर्षांची होती. त्या जानेवारीत दक्षिण चीनमध्ये बर्फाचं वादळ आलं, तारांवर बर्फ साचून खांब कोसळले, हूनानच्या दक्षिणेतली वीज गेली आणि बीजिंग ते ग्वांगझोऊ (ग्वांगडोंगची राजधानी) रेल्वेमार्ग ठप्प झाला. ग्वांगझोऊ स्टेशनाबाहेर लाखो माणसं पावसात उभी होती. नववर्ष ७ फेब्रुवारीला होतं. बरेच जण पोचले नाहीत.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००९ मध्ये, वूहान-ग्वांगझोऊ जलदगती रेल्वे सुरू झाली. हूनानची राजधानी छांगशा त्याच मार्गावर आहे. रात्रभराचा प्रवास अडीच-तीन तासांवर आला. २०११ पासून तिकीटही घरबसल्या. आता यात चव फिकी झाली ती कुठे? प्रवासात लागणारा जीव वाचला हे उघड चांगलं झालं. पण आईबाप वर्षातून एकदाच दिसणं ही त्या सणाची निम्मी चव होती, आणि ती चव अन्यायातून आलेली होती. मुलीला आज आईशी रोज व्हिडिओवर बोलता येतं. दारात उभं राहून वाट बघायचं कारण उरलं नाही. हा बदल काळाचा, आणि तो परत फिरवावा असं कोणी शहाणं माणूस म्हणणार नाही.

मोठेपणी घरी पोचल्यावर काय होतं, तेही बघू. लहानपणी नातेवाईक विचारायचे, परीक्षेत किती मिळाले, वर्गात कितवी. मोठेपणी: पगार किती, कोणी आहे का, लग्न कधी. लग्न झालं की: मूल कधी. एक झालं की: दुसरं? या चौकश्यांना कंटाळून पैसे देऊन मित्र किंवा मैत्रीण भाड्यानं घरी नेणारी तरुण मंडळी गेली पंधरा-वीस वर्षं बातम्यांत येतात. थट्टेच्या आड एक आकडा आहे: २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे १ कोटी ३५ लाख लग्नं नोंदली गेली, २०२४ मध्ये सुमारे ६१ लाख. प्रश्न तेच राहिले, उत्तरं बदलली. जुने प्रश्न विचारणाऱ्या काकूंना जग बदललंय हे सांगायचं कोणी, हा खरा पेच.

लग्नानंतर आणखी एक गाठ. रिवाजाप्रमाणे शेवटच्या रात्रीचं जेवण नवऱ्याच्या घरी आणि नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सुनेनं माहेरी जायचं. भावंडं असताना हे चालून जाई. पण साधारण १९८० पासून २०१५ पर्यंत, विशेषतः शहरांत, एकच मूल हा नियम होता. आता दोन एकुलते एकमेकांशी लग्न करतात. मुलीच्या आईबापांनी वर्षाची शेवटची रात्र दोघंच ताट वाढून काढायची का? कोणी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे करतं, कोणी चौघा म्हाताऱ्यांना एकत्र हॉटेलात जेवायला नेतं, कोणी आईबापांनाच शहरात बोलावतं, आणि कोणी सरळ सहलीला निघून जातं. भांडणंही होतात, दरवर्षी, तिकिटं काढायच्या आठवड्यात.

नात्यांचे शब्दसुद्धा रिकामे होत चाललेत. मराठीसारखंच चिनीत मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. बापाचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगळे शब्द. नववर्षाच्या दिवशी कोणाला काय म्हणायचं हे पोरांना आधीच घोकून घ्यावं लागे. एकुलत्या आईबापांच्या मुलाला यातलं एकही नातं सख्खं नाही. आपल्या गोष्टीतल्या मुलीला धाकटा भाऊ आहे असं धरू, कारण पहिली मुलगी असेल तर खेड्यात बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या मुलाची मुभा होती. तिचा नवरा शहरातला, एकुलता. म्हणून नातीला एक मामा आहे. काका नाही, आत्या नाही, मावशीही नाही. पाकीट द्यायला दारोदार जायचं तर दारंच कमी.

बाप, १९६७

आता बापाकडे येऊ. त्यानंही सातव्या वर्षी सण पाहिला, पण १९६७ च्या जानेवारीत सरकारनं जाहीर केलं होतं की यंदा वसंतोत्सवाची सुट्टी नाही. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस होते. चुलीचा देव, पूर्वजांची पूजा, फटाके, सगळं ‘जुनाट’ ठरलेलं. दारावरच्या काव्यपंक्तींची जागा घोषणांनी घेतली. ही सुट्टी परत आली ती थेट १९८० मध्ये. कापडसुद्धा रेशनच्या कूपनावर मिळायचं, १९८३ पर्यंत.

पारंपरिक सणाला याहून वाईट वर्ष कुठलं? तरी या बापाला विचारा, खरी न्येनवेई कधीची, तर तो आपल्या लहानपणाचीच सांगेल. कारण त्या रात्री दार लावून आईनं जे शिजवलं त्यात मांस होतं आणि मांस वर्षातून क्वचित दिसे. विधी गेले, सुट्टी गेली, तरी चव राहिली, कारण ती भुकेवर उभी होती. लेकीच्या वेळी मांस महिन्यातून काही वेळा मिळत होतं. नातीला रोज मिळतं, आणि ती वैतागून म्हणते की पुन्हा तेच धुराचं मांस का.

सणाची एवढी उलथापालथ याआधीही झाली होती. ‘वसंतोत्सव’ हे नावच १९१४ चं. चीन प्रजासत्ताक झाल्यावर १९१२ पासून १ जानेवारी हे अधिकृत नववर्ष ठरलं, मग जुन्या नववर्षाला नवं नाव देणं भाग पडलं. १९२८ नंतर ते बंदच करायचा प्रयत्न झाला. लोकांनी ऐकलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं तो मानवी वारशाच्या यादीत घेतला. एका शतकात बंदीपासून वारशापर्यंत. तेव्हा ‘परंपरा’ हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.

छिंगमिंग

नववर्षाबद्दल इतकं लिहिलं, पण वयाचा परिणाम सगळ्यात स्वच्छ दिसतो तो छिंगमिंगला. हा सण सूर्यावर चालतो, त्यामुळे दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपास येतो. पूर्वजांच्या थडग्यांवर जायचं, गवत उपटायचं, माती सारखी करायची, उदबत्ती लावायची, कागदी पैसे जाळायचे. मनुष्य मेल्यावरही त्याला खर्च असतो, ही त्यामागची कल्पना. हल्ली कागदी मोबाइल आणि कागदी मोटारीही जळतात.

लहान मुलांना ही सहल वाटते. हूनानच्या टेकड्या त्या दिवसांत लाल रानफुलांनी भरलेल्या असतात, पोरं पाकळ्या तोडून खातात, आंबट लागतात. पतंग उडतात. थडग्यातला पणजोबा त्यांनी पाहिलेलाच नसतो. नमस्कार कर म्हटलं की करायचा, आणि पुन्हा पळायचं.

मग एका वर्षी थडग्यात आजी असते. मांस टांगणारी, देवाच्या तोंडाला गोड लावणारी. टेकडी तीच, फुलं तीच, उपटायचं गवतही तेच. सण एका अक्षरानंही बदललेला नाही, काळाला दोष द्यायला जागाच नाही. २००८ पासून छिंगमिंगला सरकारी सुट्टी आहे, चंद्रोत्सव आणि पाचव्या महिन्यातल्या नौकोत्सवाबरोबरच. शेनझेनहून यायला सोय झाली. पण सुट्टी एका दिवसाची असते, ती तीन दिवसांची करायला शनिवार-रविवार पुढेमागे ढकलतात आणि कधी रविवारी कामावर जावं लागतं. या भरपाईच्या दिवसांवर तरुण नोकरदार जितके चिडतात तितके दुसऱ्या कशावर क्वचितच. लहान मुलाला सण पंचांगातून येतो, मोठ्याला सुट्ट्यांच्या परिपत्रकातून. नववर्षाच्या आदल्या रात्रीचा दिवस तर २०२५ पासून पुन्हा अधिकृत सुट्टीत आला.

चंद्रोत्सवाबद्दल थोडंच. लहानपणी कंदील, चंद्रावरचा ससा आणि गोल, आत सारण भरलेले मूनकेक, त्यातही पाच प्रकारच्या दाणे-बियांचा सगळ्यात नावडता. मोठेपणी मूनकेक म्हणजे भेट: कंपनीकडून माणसाला, माणसाकडून साहेबाला, साहेबाकडून त्याच्या सासूला. काही शहरांत मूनकेकची कूपनं विकतात. कंपनी कूपन घेते, नोकराला देते, नोकर ते दलालाला स्वस्तात विकतो आणि दलाल ते बेकरीला परत देतो. सगळ्यांना पैसे मिळाले आणि मूनकेक भाजलाच गेला नाही. २०१३ मध्ये सरकारी पैशातून मूनकेक भेट द्यायला बंदी आली. २०२२ मध्ये पाचशे युआनच्या वरच्या खोक्यांवर नजर ठेवायचं ठरलं. शाळेत चंद्राच्या आणि घराच्या आठवणीच्या जुन्या कविता सहाव्या-सातव्या वर्षी पाठ करून घेतात. त्यांचा अर्थ बहुतेकांना भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून पौर्णिमा दिसते त्या रात्री लागतो.

२०२६

मुलीला आता छत्तिसावं चालू, पुन्हा तिच्याच राशीचं वर्ष. लाल मोजे तिनं स्वतःच ऑनलाइन मागवले. या वर्षी शिजवण्याची पाळी तिच्यावर आहे, कारण आजी गेली आणि आईची पाठ दुखते. लहानपणी जी जादू वाटत होती ती पहाटे चारला उठणारी एक बाई होती, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. ती बाईच असते, हेही. नवऱ्यानं मासा तळला आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. चार पदार्थ तयार पाकिटातले होते, कोणाला ओळखू आले नाहीत, किंवा ओळखूनही कोणी बोललं नाही.

बाप सहासष्टचा. २०१३ च्या कायद्यात लिहिलंय की वेगळं राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना वारंवार भेटायला जावं. त्याला कायदा ठाऊक नाही. पोरं किती दिवस राहणार एवढंच त्यानं विचारलं, आणि ऐकून मान डोलावली. एकेकाळी डोंगग्वानला परत जाणारा तो असायचा.

नातीसाठी त्यानं बँकेतून कोऱ्या करकरीत नोटा आणून ठेवल्या होत्या. पाकीट कागदाचंच हवं, मोबाइलवर नको, यावर तो अडून बसला. नातीनं दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, शिकवल्याप्रमाणे शुभेच्छा म्हटल्या, मग आत डोकावून पाहिलं आणि नोटा आईपुढे धरल्या. गेल्या वर्षभरात तिनं कागदी पैसे फारसे पाहिलेच नव्हते.

“आई, हे माझ्या घड्याळात टाकता येतील?”

“दे इकडे,” आई म्हणाली. “मी सांभाळून ठेवते.”